चापाचं वजन

आमच्या घरात मिक्सर घ्यायला पाच महिने लागले होते. धैर्यशीलनं आधी अकरा मिक्सरांचा तक्ता केला, मग त्यातले सहा बाद केले, उरलेल्या पाचांच्या भांड्यांची जाडी दुकानात जाऊन तपासली. तोवर मी शेजारच्या मिसेस टॅनचा मिक्सर मागून आणून चटण्या वाटत होते. शेवटी घरी आला तो मी पहिल्याच दिवशी दाखवलेला मिक्सर. गाद्या, गार्गीची सायकल, माझा चष्मा, सगळ्याचं असंच. बँकेचे सर्व्हर सांभाळणारा माणूस; तिथे घाईत केलेली चूक हजारो लोकांना भोवते, म्हणून घरातही घाई नाही. मी म्हणायचे, "माझ्या वेळी बरा तक्ता केला नाहीस." तो म्हणायचा, "केला होता. तुला दाखवला नाही."

पण रायफलीनं सगळ्यांवर कडी केली. तिची निवड सहा वर्षं चालली.

बिशानला नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला शिकारी रायफल कशाला हवी, असं कुणीही विचारेल. सिंगापुरात बंदुकीचं नाव काढायची सोय नाही. बॅगेत रिकामं काडतूस निघालं तरी पोलिसांशी गाठ. रायफल राहणार होती न्यूझीलंडला, सुबोधकडे. सुबोध त्याचा जुना सहकारी. आठ वर्षांपूर्वी तो ख्राइस्टचर्चला गेला, परवाना काढला, आणि तिथली डोंगरातली हरणं, त्यांच्या शिकारीला असलेली मुभा, यांचे फोटो पाठवू लागला. रायफल सुबोधच्या नावावर आणि सुबोधच्याच कुलपात राहणार. धैर्यशील वर्षातून दहा दिवस जाणार आणि सुबोध शेजारी उभा असताना ती चालवणार. एवढं तिथल्या कायद्यात बसत होतं. दहा दिवसांच्या सुखासाठी सहा वर्षं तक्ता.

चोवीस रायफलींतून शेवटी दोन उरल्या. मी त्यांना स्थळं म्हणायचे. एक फिनलंडची, एक ऑस्ट्रियाची. दोन्ही बोल्टच्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडी हातानं उचलून मागे ओढायची आणि पुन्हा पुढे ढकलायची. फिनलंडचीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, आणि तिचा बोल्ट म्हणे लोण्यात सुरी फिरावी तसा सरकतो. म्हणे, कारण दोन्हींपैकी एकही यानं हातात घेतली नव्हती. ऑस्ट्रियाची हलकी, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. ती त्याला ड्रिल मशीनसारखी दिसायची. पण तिच्या चापात एक सोय होती. तो आधी पुढे ढकलून ठेवला की इतका हलका व्हायचा की तीनशे ग्रॅमच्या ओढीला गोळी सुटायची. फिनलंडचीला एक किलोची ओढ लागायची, आणि त्याखाली तिचा चाप उतरत नव्हता. तेव्हा हे आकडे मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचे. आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

"एकीचं रूप, दुसरीचे गुण," मी म्हणायचे. "पत्रिका जुळवत बसलास तर दोन्ही दुसऱ्या घरी जातील."

"आयुष्यात एकदाच घ्यायचीय, शुभदा."

त्याचं मूळ कऱ्हाडजवळच्या त्यांच्या गावात होतं. आबांकडे, म्हणजे त्याच्या आजोबांकडे, उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी परवान्याची रायफल होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आबा ती घोंगडीत गुंडाळून निघायचे आणि नातवाला बरोबर न्यायचे. घोंगडीचं एक टोक त्याच्या हातात. तू बारा वर्षांचा झालास की एक गोळी तुझी, असं त्यांनी कबूल केलं होतं. तो अकरा वर्षांचा असताना निवडणूक लागली, रायफल जमा झाली आणि ती परत आणायच्या आत आबा गेले. परवाना त्यांच्याबरोबर संपला, रायफल ठाण्यातच राहिली.

त्याची एक गोळी राहून गेली ती अशी. हरीण मारायची त्याला मुळीच हौस नव्हती. "समोर रिकामा डबा ठेवला तरी चालेल," तो म्हणायचा. "पण डोंगर हवा, रायफल माझी हवी आणि चाप मी ओढलेला हवा." इथल्या क्लबात जाऊन त्यानं एकदा छोट्या बंदुकीनं नेम धरून पाहिला होता. घरी येऊन म्हणाला, कागदाला भोकं पाडून आलो. माझ्या माहेरी, चिंचवडला, झुरळ मारायलासुद्धा शेजारच्यांना हाक मारायचे, त्यामुळे मला त्या बोल्टचं आणि नळीचं कौतुक कधी कळलं नाही. पण अकरा वर्षांच्या पोराची राहिलेली एक गोळी मला कळत होती.

कळत होती तरी मीच मोडता घातला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तो निघालाच होता. दोन्ही स्थळं बाजूला ठेवून "यंदा सुबोधचीच वापरतो" इथवर आला होता. पण गार्गीचं ओ लेव्हलचं वर्ष. आपल्याकडे दहावीच्या वर्षात पाहुण्यांना घरी येऊ देत नाहीत, मग बाप दहा दिवस हरणांमागे जातो म्हणजे काय? गार्गी म्हणाली, "टेन डेज ओन्ली लाह, आई. लेट हिम गो." मी दोघांनाही गप्प केलं.

"पुढच्या एप्रिलला जा," मी म्हटलं. "हरणं काय कुठे पळून जात नाहीत."

जूनमध्ये त्याच्या डाव्या हातातून तांदळाची पिशवी सुटली. पाच किलोची पिशवी, स्वयंपाकघरभर तांदूळ. मी नेहमीप्रमाणे तोंडसुख घेतलं. पंधरा दिवसांनी पाण्याची बाटली सुटली, मग लिफ्टमध्ये फोन. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नोव्हेनाच्या हॉस्पिटलात मज्जातंतूंच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या चिनी बाई. त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे निरोप हळूहळू पोचेनासे होतात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. मोटर न्यूरॉनचा आजार. औषध वेग थोडा कमी करतं, थांबवत नाही.

मी त्या आकृतीकडे बघत राहिले. धैर्यशीलनं विचारलं, "उजवा हात कधी?"

त्या म्हणाल्या, नेमकं सांगता येत नाही, प्रत्येकाचा वेग वेगळा.

नोव्हेना ते बिशान तीन स्टेशनं. त्या तीन स्टेशनांत तो एकच वाक्य बोलला. "वेग मोजता येईल," म्हणाला.

गार्गीला परीक्षा होईपर्यंत काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. पाठीचं दुखणं आहे, फिजिओ चालू आहे, असं तिला सांगितलं. आमच्या घरात खोट्याला जागा मिळाली ती तेव्हा, आणि ती मीच करून दिली.

त्या रविवारी त्यानं बॅगा तोलायचा काटा काढला. इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात तो असतो. भारतात जाताना हुकाला बॅग अडकवायची, मूठ धरून उचलायची, टिंग वाजलं की आकडा वाचायचा आणि मग चकल्यांचा डबा बाहेर काढायचा. त्यानं हुकाला पायजम्याची नाडी बांधली आणि नाडीच्या फासात उजव्या हाताची तर्जनी घातली. डावा हात मूठ धरण्याइतका उरला नव्हता, म्हणून ती मी धरली.

"ओढतो," तो म्हणाला. "टिंग झालं की वाच."

आकडा मुठीच्या बाजूला असतो, म्हणजे माझ्याकडे. मी वाचला, दोन किलो आठशे पन्नास. त्यानं लॅपटॉपवरच्या रायफलींच्या तक्त्यात नवा रकाना केला आणि त्यावर लिहिलं, बोट. फिनलंडचीसमोर एक किलो, ऑस्ट्रियाचीसमोर तीनशे ग्रॅम हे आकडे आधीच होते. आता त्यांच्याशेजारी हा तिसरा, दर रविवारी नवा.

"म्हणजे किती दिवस आहेत ते कळेल," तो म्हणाला. "रायफल सँडबॅगवर टेकवून ठेवता येते, बोल्ट सुबोध ओढेल, खांद्याला उशी लावता येईल. चाप मात्र मी. बोट किलोच्या खाली गेलं की फिनलंडची गेली. तीनशेच्या खाली गेलं की सगळंच गेलं."

सुबोधला त्यानं सगळं सांगितलं. सुबोध लगेच या म्हणत होता, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात गार्गीची परीक्षा; ती संपल्याशिवाय निघायचं नाही हे या वेळी त्यानंच म्हटलं. पुरेसे आठवडे आहेत, रेघ दाखवते आहे, असं त्याचं म्हणणं. रेघ म्हणजे त्या आकड्यांचा आलेख. ऑगस्टभर ती हळू उतरत होती. सप्टेंबरात जरा जोरात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बोट एक किलो सहाशे वीस होतं.

पुढचा रविवार दिवाळीच्या तोंडावरचा. सकाळी मी चिवडा परतला होता, गार्गी खोलीत अभ्यास करत होती, घरात तळणाचा वास. त्यानं नाडीत बोट घातलं. ओढताना त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या, ओठ दातांखाली. टिंग वाजलं. एक किलो तीनशे ऐंशी. एका आठवड्यात पावशेर उतरलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्या चेहऱ्याला तो आकडा सांगवेना. सण होता, चिवडा गरम होता, पलीकडे पोर इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होती. खरं सांगायचं तर ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी फक्त तो चेहरा होता.

"एक किलो सहाशे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा फुलला. "वीसच ग्रॅम? म्हणजे औषध लागू पडतंय." त्यानं आकडा लिहिला आणि मला म्हणाला, चिवडा आण, खारट झालाय का बघतो.

एकदाच, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण पुढच्या रविवारी खरा आकडा एक किलो दोनशे निघाला. सहाशेवरून दोनशेवर कशी उतरू? सांगितलं, एक पाचशे पन्नास. मग खरा एक सत्तर, सांगितला दीड किलो. मग खरा नऊशे चाळीस, सांगितला एक चारशे पन्नास. एक खोटं निभावायला दुसरं लागतं हे मी गार्गीला लहानपणी शिकवलं होतं. आठवडाभर मी पुढच्या रविवारचा आकडा मनात ठरवत असे, फार वर नको, फार खाली नको, रेघ गुळगुळीत उतरायला हवी. त्याच्या शेजारी वीस वर्षं राहून तक्ते करायला मी अशी शिकले.

आणि तो खूश होता, हे मी नाकारणार नाही. शर्टाचं बटण लागत नव्हतं तरी खूश होता. "बटणाला चिमूट लागते," तो मला समजावायचा. "ते स्नायू वेगळे. ओढ शाबूत आहे." एकदा म्हणाला, "मला उगीच वाटत होतं, बोट पार गेलंय. वाटणं वेगळं आणि आकडा वेगळा." आयुष्यभर त्यानं वाटण्यापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो आकडा आता माझ्या तोंडून येत होता.

नोव्हेंबरच्या मध्यावर गार्गीची परीक्षा संपली. आम्ही तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. ती बराच वेळ बापाच्या डाव्या हाताची बोटं चोळत बसली. मग म्हणाली, "सो व्हेन यू गोइंग न्यूझीलंड?"

त्याच रविवारी, सोळा तारखेला, सकाळी सुबोधचा फोन आला. ख्राइस्टचर्चच्या दुकानात ऑस्ट्रियाची आहे, एकच आहे, दुकानदारानं दोन दिवस बाजूला ठेवली आहे. पंधरा दिवसांची रजा टाकलीय, आज तिकिटं काढा आणि बुधवारी या. फिनलंडची मात्र मागवावी लागेल. ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्याआधी येत नाही.

"दोन्हींतली कुठली ते आज सांग," सुबोध म्हणाला. "फार झालं तुझं."

"एक तासात सांगतो," धैर्यशील म्हणाला, आणि फोन ठेवून मला म्हणाला, "काटा आण."

त्यानं माझ्यासमोर हिशेब मांडला. रेघ आठवड्याला पन्नास ग्रॅमनं उतरते आहे. दहा जानेवारीला किलोभर ओढ उरायची असेल तर आज एक किलो चारशे हवी. तेवढी असेल तर फिनलंडची, अक्रोडाची, आबांच्या रायफलीसारखी. नसेल तर ड्रिल मशीन, आणि बुधवारी विमान.

म्हणजे तो काय विचारतो आहे हे मला पुरतं ठाऊक होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्यानं ओढलं. सगळं अंग लावून ओढलं. टिंग. आठशे चाळीस.

गार्गी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तो माझ्याकडे बघत होता. आठशे चाळीस म्हणाले असते तर चार रविवारचं खोटं एका दमात उघडं पडलं असतं, तेही पोरीसमोर, तिच्या पहिल्या मोकळ्या दिवशी. आणि मला वाटलं, वेडं मन असतं ना, तसं वाटलं, की औषध लागूही पडेल, उतार थांबेलही, जानेवारीला काहीतरी होईल. त्याला अक्रोडाची हवी होती. सहा वर्षं हवी होती.

"एक किलो चारशे," मी म्हणाले.

तो हसला. फोन उचलून सुबोधला म्हणाला, "फिनलंडची." तिकडून सुबोधनं काहीतरी विचारलं असावं, कारण हा म्हणाला, "मोजलंय रे. शुभदानं वाचलंय."

त्यानंतरचे पाच आठवडे आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे होते, हे लिहिताना माझाच मला राग येतो. दहा जानेवारीची तीन तिकिटं आली. शनिवारी संध्याकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी बाकावर बसून तो गार्गीला नेम समजावायचा. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं, चाप हिसकायचा नाही, दाबत न्यायचा, गोळी सुटली की आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे. गार्गी छत्री खांद्याला लावून समोरच्या जहाजांवर नेम धरायची. मी भाजलेलं सातेचं मटण काडीवरून काढून त्याला भरवायचे, आणि ते कुणाला वावगं वाटत नव्हतं. दर रविवारी मी आकडा सांगत होते.

डिसेंबरच्या वीस तारखेला मी बाजारात भेंडी निवडत असताना सुबोधचा मला फोन आला.

"वहिनी, धैर्या जवळ नाही ना?" त्यानं विचारलं. "परवा व्हिडिओवर त्यानं पेला दोन्ही मनगटांत धरून उचलला. तो म्हणतो, बोटात किलोच्या वर ओढ आहे. आहे का?"

माझ्या हातात भेंडी होती. ती मी परत ढिगात ठेवली.

"नाही," मी म्हणाले.

"मग किती आहे?"

"गेल्या रविवारी तीनशे ऐंशी."

सुबोध म्हणाला, "मी रजा टाकून बसलो होतो, वहिनी. ऑस्ट्रियाची दुकानात होती." आणि थोड्या वेळानं, "त्याला तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नेहमीसारखी मूठ धरली, नाडी त्याच्या बोटात मी घातली, कारण आता ती त्याला घालता येत नव्हती. त्यानं ओढलं. टिंग.

"किती?"

"तीनशे दहा."

"एक किलो तीनशे दहा?" त्यानं भुवया उंचावल्या. "वाढली कशी?"

"एक नाही. नुसते तीनशे दहा."

मी काटा फिरवून आकडा त्याच्यापुढे धरला. त्यानं तो पाहिला. पुन्हा ओढू दे म्हणाला. पुन्हा ओढलं, तीनशे. मग त्यानं नाडीतून बोट काढायचा प्रयत्न केला, ते निघेना, मी काढलं.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदल्या रविवारपासून."

"खरे आकडे लिहिलेस कुठे?"

"लिहिले नाहीत. पाठ आहेत."

"सांग," तो म्हणाला आणि लॅपटॉप पुढ्यात घेतला. मी एकेक तारीख आणि एकेक आकडा सांगत गेले. तो त्याच तर्जनीनं एकेक कळ दाबत लिहीत होता. कळ दाबायला फार जोर लागत नाही. एक किलो तीनशे ऐंशी. एक किलो दोनशे. एक किलो सत्तर. नऊशे चाळीस. सोळा नोव्हेंबरला आल्यावर मी थांबले.

"सोळा?" त्यानं विचारलं.

"आठशे चाळीस."

त्यानं तो लिहिला नाही. हात मांडीवर ठेवला.

"आठशे चाळीस," तो म्हणाला. "त्या दिवशी ती दुकानात होती. गार्गीची परीक्षा संपली होती. तीनशेच्या चापाला आठशे चाळीस म्हणजे भरपूर, शुभदा. वीस गोळ्या मारल्या असत्या."

मी रडायला लागले. म्हणाले, तुझा चेहरा बघवत नव्हता, तुला ती अक्रोडाचीच हवी होती, मला वाटलं... पुढे काय म्हणाले ते आठवत नाही. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बोट मला सांगत होतं," तो म्हणाला. "दर रविवारी सांगत होतं. मी त्याचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं."

गार्गी खोलीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "व्हाय यू नेव्हर टेल हिम, आई?" ती म्हणाली. "ही नॉट स्मॉल बॉय."

सुबोधनं मग आकाशपाताळ एक केलं. ऑस्ट्रियाची ती एक नोव्हेंबरातच कुणी घेऊन गेलं होतं. दुसऱ्या गावच्या दुकानात एक येणार होती, तीही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. आम्ही खऱ्या आकड्यांची रेघ पुढे ओढून पाहिली आणि नको म्हणून कळवलं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. सुबोध म्हणाला, तुम्ही या तर खरं, त्याच्या बोटावर मी माझं बोट ठेवतो, दोघं मिळून ओढू. धैर्यशील म्हणाला, मग ती तुझी गोळी होईल. तिकिटं रद्द केली. फिनलंडची जानेवारीत आली ती सुबोधच्या कुलपात आहे. अक्रोडाच्या दस्त्याचा फोटो त्यानं पाठवला होता. धैर्यशीलनं तो मोठा करून नीट पाहिला आणि सुरेख आहे, असं त्याला लिहायला मला सांगितलं.

तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. पाणी, उशी, पंखा. मी त्याला आंघोळ घालत होते, दाढी करत होते, घास भरवत होते, आणि त्याला माझ्याशिवाय इलाज नव्हता, हेच मला सगळ्यात जास्त खात होतं. ज्याच्यावर रागवायचं त्याच्याच हातून जेवायचं, ही वेळ मी त्याच्यावर आणली होती.

अकरा जानेवारीला, आमचं विमान असणार होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तो म्हणाला, "काटा आण."

"आता कशाला, धैर्यशील?"

"माझं आहे ते मला कळू दे," तो म्हणाला. "आणि तूच वाच."

गार्गी वाचेल, मी म्हटलं. तो नको म्हणाला. मी काटा आणला, नाडी घातली, मूठ धरली. दोनशे दहा. मी दोनशे दहा म्हणाले. त्यानं मान हलवली. पुढच्या रविवारी एकशे ऐंशी, मग एकशे चाळीस. लिहायचं काम आता माझ्याकडे आलं. फेब्रुवारीत त्याचं बोलणं जड झालं, कधी कधी मला दोनदा विचारावं लागतं, पण "किती" हा शब्द मला पहिल्या वेळीच कळतो. नव्वद. साठ. तीस. प्रत्येक वेळी आकडा माझ्याकडे असतो, तो माझ्या तोंडाकडे बघत असतो, आणि प्रत्येक वेळी माझ्या जिभेवर दुसरा आकडा तयार असतो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यानं ओढलं. ओढतोय हे त्याच्या मानेवरून कळत होतं, नाडी हलली नाही. काटा वाजला नाही.

"किती?" त्यानं विचारलं.

मी शून्य म्हणाले.